पिंजऱ्यातला धरत नाहीत

पक्षी पाहायला तिकीट काढायचं, ही कल्पनाच मला पटत नाही. पक्षी कमवावा लागतो. पहाटे चारचा गजर, सोसायटीच्या वॉचमनची संशयी नजर, भिगवणच्या नावेत बुडाशी ओली झालेली पँट, थर्मासमधला कोमट चहा आणि एवढं करून ‘आत्ता इथंच होता बघा साहेब’ म्हणणारा नावाडी. हे सगळं सोसल्यावर जो दिसतो तो पक्षी. बाकी सगळं कॅलेंडर.

त्यामुळे ‘बाबा, रविवारी अ‍ॅव्हिअरीत जाऊ, अगदी तुमच्या आवडीचं आहे’ असं लेकीनं जाहीर केलं, तेव्हा एखाद्या गवयाला ‘तुम्हाला गाण्याची आवड आहे ना, मग चला कराओकेला’ म्हणावं तसा माझा चेहरा झाला. ‘बंदिस्त पक्षी मी पाहत नाही,’ मी म्हणालो. हे वाक्य कुणाला तरी ऐकवण्याची संधी मी फार दिवस शोधत होतो.

‘मग गाडीत बसून राहा,’ ही म्हणाली. ‘बाहेर उणे चार आहे.’

मी निमूटपणे दुर्बीण गळ्यात अडकवली.

‘छपराखाली चाललोय आपण. दुर्बीण कशाला?’

‘असू दे.’

आता खरं सांगायचं तर दुर्बीण पाहण्यासाठी फारशी लागतच नाही. ती गळ्यात असली की लोक वाट सोडतात, आवाज खाली आणतात आणि ‘हा कुठला हो पक्षी?’ असं विचारतात. निवृत्तीनंतर माणसाला कुणीतरी काहीतरी विचारणं फार गरजेचं असतं. बँकेत असताना लोक निदान व्याजदर विचारायचे.

पिट्सबर्गच्या या नॅशनल अ‍ॅव्हिअरीत दीडशेहून जास्त जातींचे पाचशेवर पक्षी आहेत आणि त्यातले बरेचसे मोठाल्या काचेच्या दालनांत मोकळे उडतात. मोकळे म्हणजे छतापर्यंत. जागेचा इतिहास मोठा सूचक आहे. इथे 1826 पासून वेस्टर्न पेनिटेन्शरी नावाचा तुरुंग होता आणि अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1863 साली, दक्षिणेच्या जनरल मॉर्गनचे पकडलेले घोडेस्वार इथेच डांबले होते. पुढे तुरुंग गेला, झाडांचं काचघर आलं आणि 1952 मध्ये पक्षी आले. म्हणजे पत्ता तोच राहिला, राहणारे बदलले. 1991 मध्ये महापालिकेनं पैसे नाहीत म्हणून हात वर केले, तेव्हा गावातल्या लोकांनीच संस्था काढून पक्षी सांभाळायला घेतले. दोनच वर्षांनी काँग्रेसनं, म्हणजे त्यांच्या संसदेनं, ‘नॅशनल’ हा किताब दिला. ही सगळी माहिती मी रात्री जागून वाचून ठेवली होती आणि गाडीतून उतरेपर्यंत सांगून संपवली होती. नात मागच्या सीटवर झोपली होती. जावई गाडी चालवत असल्यामुळे त्याला झोपता आलं नाही.

आत शिरायला दोन दारं. पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, नाहीतर आतला बाहेर येतो. दुसरं दार उघडलं आणि मी ठार आंधळा झालो. बाहेरच्या बर्फातून एकदम वर्षावनाच्या दमट उकाड्यात पाऊल टाकल्यावर चष्म्यावर बाष्प धरलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा धरलं. दुर्बिणीच्या चारी भिंगांवर तेच. तेवढ्यात डोक्याच्या अगदी जवळून फडफड झाली आणि पुढेमागे सगळे ‘आहा’ म्हणाले. सगळ्यांना तो दिसला. एकट्या पक्षितज्ज्ञाला दिसला नाही.

‘कुठला होता?’ मी विचारलं. कुणाला काही विचारायची पाळी माझ्यावर बऱ्याच वर्षांनी आली होती.

‘लाल,’ नात म्हणाली.

बाष्प ओसरल्यावर दुसरी पंचाईत. पक्षी फार जवळ. माझी दुर्बीण तीन मीटरच्या आतलं काही स्पष्ट दाखवत नाही. ती दूरच्या गोष्टींसाठी बनवलेली आहे आणि मीसुद्धा. कठड्यावर, हाताच्या अंतरावर, एक शराटी बसली होती. आपल्या पाणथळीत काळी-पांढरी दिसते तिचीच अमेरिकेतली बहीण, पण सर्वांगानं शेंदरी. मी दुर्बीण लावली. गोळ्यात शेंदरी धुकं. एक पाऊल मागे सरकलो, धुकं तसंच. आणखी दोन पावलं मागे सरकलो तेव्हा एका बाबागाडीला धडकलो. ‘आजोबा, नुसत्या डोळ्यांनी बघा ना,’ नात म्हणाली. असा अपमानास्पद सल्ला मला कुणी कधी दिला नव्हता.

आणि तिसरी, सगळ्यात मोठी अडचण म्हणजे पाट्या. प्रत्येक पक्ष्याच्या नावाची पाटी. चित्र, नाव, शास्त्रीय नाव, राहतो कुठे, खातो काय. मग माझं काम काय उरलं? झुडपाआडून हललेल्या शेपटीवरून ओळख पटवणं, ‘नाही नाही, भुवई पाहा त्याची, भुवई’ असं खालच्या आवाजात सांगणं, आणि मग सगळ्यांच्या नजरेत ते जे काही उमटतं ते चोरून पाहून घेणं, यासाठी तर मी या छंदात पडलो. इथे सात वर्षांची पोरगी पाटी वाचून मला नावं सांगत होती. स्पेलिंगसकट.

मग मी माझ्या शेवटच्या तटबंदीत शिरलो. ‘हे बघ,’ मी हिला म्हणालो, ‘तसेही हे धरायचे नाहीतच.’

कोथरूडच्या आमच्या पक्षिमित्रांच्या गटाचा हा नियम आहे आणि तो मीच लिहिलेला आहे. पिंजऱ्यातला धरत नाहीत. आयुष्यात प्रथमच दिसलेल्या पक्ष्याला आम्ही लाइफर म्हणतो आणि लाइफर यादीत चढवण्यापूर्वी तो स्वतंत्र, स्वच्छंद आणि कुणाच्याही पगारावर नसलेला हवा. 2017 मध्ये राणीच्या बागेतले हम्बोल्ट पेंग्विन लोकांना पाहायला खुले झाले, तेव्हा आमच्यातल्या एका सद्गृहस्थांनी सहकुटुंब फोटो टाकून खाली ‘लाइफर!’ लिहिलं. मी त्यांना गटावर कलमवार उत्तर दिलं. ते गृहस्थ गट सोडून गेले. नियम राहिला. माझ्या स्वतःच्या यादीचा आकडा मी आपणहून कुणाला सांगत नाही. विचारला तर सांगतो. विचारला नाही तर विषय तिकडे वळवतो.

तर असा मी काहीही न धरता पुढे चाललो असताना वाटेत एक पारवा आडवा आला.

पारवा म्हणजे पाटीनुसार ‘व्हिक्टोरिया क्राउन्ड पिजन’. न्यू गिनीचा. आकारानं चांगल्या पोसलेल्या कोंबड्याएवढा, राखी-निळा, छाती मरून, डोळे लालभडक आणि डोक्यावर निळ्या जाळीदार पिसांचा तुरा. तुऱ्याच्या प्रत्येक पिसाच्या टोकाला पांढरी किनार. राणी व्हिक्टोरियाचं नाव त्याला उगाच दिलेलं नाही. आपल्या पायाखालची जमीन आपलीच, असं समजून चालतो. लोक गुडघ्यांवर बसून त्याचे फोटो काढत होते. मला हसू आवरेना. कबुतर पाहायला पैसे!

इथे मला थोडं कबुतरांविषयी बोलू द्या. थोडं म्हणालो तरी जास्त होणार आहे.

पुण्यात हल्ली माणूस जाळीच्या आत राहतो आणि कबुतर बाहेर. आमच्या इमारतीत एक बाल्कनी जाळीशिवाय उरलेली नाही. लिफ्टमध्ये पूर्वी सत्यनारायणाचं निमंत्रण लागायचं, तिथे आता जाळीवाल्याचा नंबर असतो. संध्याकाळी जाळीमागे उभे राहून आम्ही चहा पितो आणि समोरच्या एसीच्या खोक्यावर बसून कबुतरं मान तिरकी करून आम्हाला न्याहाळतात. आमच्या पाट्या तेवढ्या लावायच्या राहिल्यात: कोकणस्थ, निवृत्त, शाकाहारी. सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टँकरपेक्षा जास्त वेळ कबुतरांवर जातो. एका पक्षाचं म्हणणं, विष्ठेनं फुप्फुसाचे आजार होतात, आणि ते खरं आहे. दुसरा पक्ष गच्चीवर गुपचूप ज्वारी टाकून येतो. मुंबईत 2025 च्या ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना महापालिकेनं ताडपत्री घालून बंद केला, तर लोकांनी येऊन ताडपत्री फाडून काढली. घरातल्या माणसांसाठी कुणी इतकं रस्त्यावर उतरलेलं माझ्या पाहण्यात नाही. मी कायम पहिल्या पक्षात. पक्षिमित्र असून कबुतरविरोधी कसे, असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, ‘कबुतर हा पक्षी नाही. कबुतर हा प्रश्न आहे.’ या वाक्यावर सभेत टाळ्या पडलेल्या आहेत.

आमच्या घराला मात्र जाळी लागायला उशीर झाला. आई अंथरुणाला खिळली होती आणि तिच्या खोलीच्या खिडकीबाहेर, कुंडी ठेवायच्या कठड्यावर, एका जोडीनं चार काड्या टाकून घरटं म्हणवलं होतं. कबुतराला घरटं बांधता येत नाही. काड्या खाली पडू नयेत एवढीच त्याची अपेक्षा असते. जाळीवाला आला तेव्हा आई म्हणाली, ‘अंडी आहेत रे. नंतर बोलव.’ मी त्याला नंतर बोलावलं.

रविवारी मी पक्षी पाहायला बाहेर जायचो आणि दुपारी येऊन तिच्या पलंगापाशी बसून काय काय दिसलं ते वाचून दाखवायचो. एकदा माझं वाचून झाल्यावर ती म्हणाली, ‘आमच्याकडे दुपारी तो बसतो. संध्याकाळ झाली की ती येते आणि रात्रभर तीच. सकाळी दहाच्या सुमारास पुन्हा तो.’

‘तुला काय ठाऊक कोण तो आणि कोण ती? दोघं सारखीच दिसतात,’ मी म्हणालो.

‘त्याच्या मानेवरचं हिरवं जास्त चमकतं. आणि तो बसताना आधी तिच्याभोवती एक फेरी मारतो. उगीचच. तुझे वडील मारायचे तशी.’

मी आत जाऊन पुस्तक उघडलं. तसंच होतं. पारव्यांत नर सकाळी उशिरापासून तिसऱ्या प्रहरापर्यंत अंडी उबवतो, उरलेला वेळ मादी. अंडी दोन, दिवस साधारण अठरा. पिल्लं निघाली की नर आणि मादी दोघांच्याही गळ्याच्या पिशवीत दह्यासारखा एक रस तयार होतो आणि तो पिल्लांच्या चोचीत भरवला जातो. त्याला चक्क दूधच म्हणतात. हे सगळं पुस्तकात होतं. पुस्तक माझ्या कपाटात कितीतरी वर्षं होतं. आईकडे पुस्तक नव्हतं, दुर्बीण नव्हती आणि कुठली यादीही नव्हती. मान वळेल तेवढं आकाश होतं, त्यातही अर्धा कठडा. तिनं एकच जात पाहिली. पण ती पाहिली. मी एवढ्या जाती पाहिल्या, त्यातल्या कितींच्या बाबतीत मी दुपारी कोण बसतं ते सांगू शकेन? नाव ओळखलं, तारीख टाकली, पुढे. बँकेत चेक पास करायचो त्याच हातानं.

असो. कबुतरांविषयी जास्त बोलू नये.

पाणथळीच्या दालनात फ्लेमिंगो होते. शिवडी-ठाण्याच्या खाडीतल्या आपल्या रोहितांपेक्षा चांगलेच भडक, अमेरिकन जातीचे. नातीला मी सांगितलं की यांच्याही गळ्यात दूध येतं, आई-बाबा दोघांच्याही, आणि ते लाल असतं. ‘पक्ष्यांत असं दूध पाजणारे किती? पारवे-होले, फ्लेमिंगो आणि एम्परर पेंग्विनचा नर. संपली यादी.’ शेजारची दोन-तीन माणसं वळली. लेकीनं त्यांना इंग्रजीत समजावलं. एका बाईंनी माझ्याकडे ‘वॉव’ म्हणून पाहिलं. पाटीवर हे नव्हतं. मी पाटी आधीच वाचून घेतली होती.

मला राग आला तो पुढच्या दालनात. राग म्हणजे नेमका कुणाचा ते अजून कळलेलं नाही. आपल्या खंड्याएवढाही नसलेला एक खंड्या फांदीवर बसला होता. डोकं आणि पोट दालचिनीच्या रंगाचं, पंख निळे, चोच अंगाच्या मानानं अवजड. गुआम बेटाचा. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी सामानातून एक तपकिरी साप त्या बेटावर उतरला. तिथल्या पक्ष्यांनी असा साप पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेला नव्हता, त्यामुळे त्याच्यापासून पळायचं असतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. रानं एकेक करून गप्प झाली. 1980 च्या दशकात उरलेसुरले खंडे पकडून अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत आणले आणि 1988 नंतर रानात हा पक्षी राहिला नाही. जगातले सगळे खंडे छपराखाली. 2024 मध्ये त्यातले नऊ पॅसिफिकमधल्या पाल्मायरा नावाच्या बेटावर सोडले. गुआमला नाही, तिथे साप अजून आहे.

माझ्या नियमाप्रमाणे हा धरायचा नाही. पण ‘पिंजऱ्यातला धरत नाहीत’ म्हणताना माझ्या मनात असतं की पिंजऱ्याबाहेर कुठेतरी खरा पक्षी आहे आणि मी तिथवर जाण्याइतका शूर आहे. इथे बाहेर कुणी नव्हतंच. कितीतरी वर्षं हा जो आत बसला होता, तोच खरा आणि तोच शेवटचा होता. जगातला सर्वांत कसलेला, सर्वांत श्रीमंत पक्षिनिरीक्षक आला असता तरी त्याला पहाटेचा गजर लावून हा कमवता आला नसता. त्याला तिकीटच काढावं लागलं असतं. एखाद्याचं घरदार आपणच घालवायचं आणि मग तो घरात सापडला नाही म्हणून आपल्या वहीत त्याची नोंद करायची नाही, हा हिशेब बँकेत कुणी चालवून घेतला नसता. मी बराच वेळ तिथे उभा होतो. खंड्यानं एकदा चोच फांदीला घासली, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. बाकी काही केलं नाही.

‘पाय दुखले?’ हिनं विचारलं. माझ्या गप्प बसण्याचं तिच्याकडे एवढंच एक कारण आहे.

बाहेरच्या बाजूला पेंग्विन होते. आफ्रिकन. यांना बर्फाचं अप्रूप नाही. हे दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या किनाऱ्यावरचे. त्यातल्या एकानं मान वर करून अस्सल गाढवासारखा आवाज काढला आणि सगळी पोरं खूश झाली. 2024 पासून हे अतिसंकटग्रस्तांच्या यादीत आहेत. ही यादी वाढली की कुणी अभिनंदन करत नाही. त्यांच्यासमोर उभं राहून हिनं माझा फोटो काढला आणि मला विचारण्यापूर्वीच कोथरूडच्या गटावर टाकला. ती गटात आहे हे मी विसरलो होतो. खाली तिनं फक्त ‘यांचे’ असं लिहून पेंग्विनचं चित्र लावलं. दोन मिनिटांत उत्तर आलं: ‘सर, पिंजऱ्यातला धरत नाहीत ना?’ आणि त्याखाली हसणारे सतरा चेहरे.

या बाबतीत जावयानं एक शास्त्रार्थ काढला तो नोंदवून ठेवतो. 2021 च्या सप्टेंबरात इथला कोडी नावाचा समुद्रगरुड जाळीतून निसटला. स्टेलर्स सी ईगल. कामचाटका-जपानकडचा, पंख पसरले तर दोन मीटरच्या वर. आठवडाभर अख्खं शहर माना वर करून फिरत होतं. कुणाच्या अंगणात दिसला, कुणाच्या गच्चीवर. शेवटी सापडला आणि धडधाकट परत आला. ‘मग बाबा,’ जावई म्हणाला, ‘त्या आठवड्यात ज्यांनी पाहिला त्यांनी धरायचा की नाही? पिंजऱ्यात तर नव्हता.’

‘पळून आलेला धरत नाहीत,’ मी म्हणालो.

‘आणि आणून सोडलेला?’

‘त्याची आपली आपण प्रजा वाढली, पिढ्या झाल्या, म्हणजे धरतात.’

‘म्हणजे आम्हाला अजून धरत नसतील,’ लेक म्हणाली आणि नातीकडे पाहून, ‘हिला धरतील.’ सगळे हसले. मीही हसलो. पार्किंगपर्यंत कुणी काही बोललं नाही. परदेशातल्या लेकीच्या घरी आलेल्या बापानं इथे सोन्याच्या पिंजऱ्यावर दोन ओळी लिहायची प्रथा आहे. दिवाळी अंकांनी तो पिंजरा इतका झिजवलाय की त्यातून कुणीही सहज बाहेर पडेल, म्हणून मी लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या घराचं छप्पर दिसत होतं आणि छपरावर एक पारवा. आपला नेहमीचा. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातून आलेल्या लोकांनी याला इथे आणलं. तेव्हापासून पिढ्या झाल्या, प्रजा वाढली. सर्व कलमं पूर्ण. माझ्या वहीत अमेरिकेचं पान वेगळं आहे आणि त्यावर कार्डिनल, निळा जे, झालंच तर टर्कीसुद्धा आहे. पारवा नव्हता. प्रश्नाला कोण नोंदवतं? मी वही काढली. तारीख, वेळ, ठिकाण लिहिलं आणि पुढे लिहिलं: ‘मादी.’

‘कशावरून?’ हिनं खांद्यावरून वाचत विचारलं.

‘दुपारचा एक वाजलाय. तो अंड्यांवर बसलेला असणार.’

‘मार्चात? एवढ्या बर्फात? आणि अंडी आहेत हे कुणी सांगितलं तुम्हाला?’

‘सासूबाईंना विचार,’ मी म्हणालो.

‘मानेवरचं हिरवं बघा आधी,’ ती म्हणाली, ‘केवढं चमकतंय. तो नर आहे, आणि काही बसलेला वगैरे नाही, फिरायला निघालाय.’ आणि माझी दुर्बीण तिनं माझ्या गळ्यातून काढून घेतली.